स्मार्टफोन आणि व्यापाऱ्याची खासगी वही

व्यापाऱ्याच्या घरी वहीला जो मान आहे तो दुसऱ्या क्वचितच वस्तूला असेल. दिवाळीस तिचे पूजन होते, वर्षभर ती कुलुपात राहते आणि मालक व जुना मुनीम यांच्यावाचून तिची पाने सहसा कोणी उलटीत नाही. कोणाकडून माल कोणत्या भावाने आला, कोणाची उधारी किती, कोणता गिऱ्हाईक वेळेवर पैसे देतो व कोणास तगादा करावा लागतो, हे सर्व तिच्यात नोंदलेले असते. ही माहिती प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडली तर धंद्याचे नुकसान होते. गिऱ्हाइकाची अब्रू जाते ती वेगळीच. म्हणूनच वही झाकून ठेवणे हा आपल्या व्यवहाराचा पहिला नियम मानला गेला.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या वहीतील पुष्कळसा मजकूर स्मार्टफोनात जाऊन बसला आहे. कोसाड हे तापीच्या उत्तरेस, मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावरचे गाव २००६ साली सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आले. तेथून, तसेच अमरोली-उत्राणच्या बाजूने, आपले सभासद रोज रिंग रोडवरील कापडबाजाराशी व्यवहार करतात. साडीचा नमुना व्हॉट्सॲपवर जातो, आडत्याचे उत्तर तेथेच येते, रक्कम यूपीआयने जमा होते आणि बिलाचा फोटो हिशेबनिसाकडे रवाना होतो. त्याच फोनावर घरातील मुले गोष्टी पाहतात व वडील मंडळी स्तवने ऐकतात. वही, टपाल, तिजोरी, रेडिओ आणि घरचा आल्बम अशा पाच वस्तू एकाच यंत्रात आल्या आहेत. या यंत्रास कुलूप आहे काय, आणि असल्यास त्याच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत, याचे थोडे विवेचन करावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

फुकट मालाचे पैसे कोण भरतो?

बाजारात फुकट काही मिळत नाही, हे व्यापाऱ्यास सांगणे नलगे. तरीही फोनातील बहुसंख्य ॲपे फुकट मिळतात. मग त्यांचा खर्च निघतो कोठून? याचे उत्तर समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

विविध भारती ही आकाशवाणीची सेवा ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्यावर जाहिराती नव्हत्या. त्या काळी रेडिओ बाळगणाऱ्यास वार्षिक परवाना काढावा लागे. म्हणजे श्रोता सरळ पैसे भरीत असे. याच्या उलट, १९५२ पासून रेडिओ सिलोनवर लागणारी 'बिनाका गीतमाला' ऐकण्यास कोणी काही देत नसे, कारण तिचा खर्च दंतमंजन विकणारी कंपनी सोशीत होती. पुढे १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर मुंबई, पुणे व नागपूर येथे जाहिराती सुरू झाल्या आणि १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवरही त्या आल्या. तात्पर्य, कार्यक्रमाचा खर्च श्रोता तरी देतो, सरकार तरी देते, नाहीतर माल विकणारा देतो. चौथा मार्ग नाही.

येथवर आक्षेप घेण्यासारखे काही नाही. आपल्या हाती असलेली ही स्मरणिकाही सभासदांच्या जाहिरातींच्या आधारावरच निघते. परंतु स्मरणिकेतील जाहिरात वाचकाकडे पाहत नाही. ती कोणी वाचली, किती वेळ वाचली, वाचताना तो कोठे बसला होता, यांपैकी काहीही छापणाऱ्यास कळत नाही. 'गीतमाले'च्या काळी दंतमंजनवाल्यालाही श्रोत्याचे नाव-गाव ठाऊक नव्हते. फोनातील जाहिरात मात्र पाहणाऱ्याची माहिती घेते, आणि खरा भेद येथेच आहे.

हे कसे घडते ते पाहू. ॲप उघडताच पडद्यावर जाहिरातीची जागा रिकामी होते. त्या जागेचा लिलाव एका क्षणाच्या अंशात होतो. लिलाव म्हटला की मालाचे वर्णन करावे लागते. येथे माल म्हणजे पाहणाऱ्याचे लक्ष, आणि वर्णन म्हणजे फोनाची जात, भाषा, अंदाजे ठिकाण, उघडलेले ॲप आणि फोनाला दिलेला एक जाहिरात-क्रमांक. हे वर्णन एकाच वेळी अनेक बोली लावणाऱ्यांकडे जाते. ज्याची बोली चढते त्याची जाहिरात झळकते. पण ज्यांची बोली पडली त्यांच्याही हाती वर्णन गेलेलेच असते. दिवसातून असे शेकडो वेळा घडले, आणि प्रत्येक वेळी तोच क्रमांक गेला, म्हणजे त्या क्रमांकाच्या नावाने कोठेतरी एक खाते उघडले जाते: हा सकाळी कोसाडला असतो, अकरा वाजता रिंग रोडवर, आठवड्यातून एकदा रुग्णालयात. नाव नसले तरी माणूस ओळखू येतो. आपली खतावणी आपण कोणास दाखवीत नाही; आपल्याविषयीची ही खतावणी मात्र परक्याच्या घरी लिहिली जात असते.

दोन उदाहरणे

ही भीती केवळ कल्पनेतील नव्हे, हे दोन घटनांवरून दिसून येईल.

कागदाचा फोटो काढून त्याची स्वच्छ प्रत करणारे 'कॅमस्कॅनर' हे ॲप एके काळी आपल्याकडील दुकानादुकानांत होते. बिले, लॉरीच्या पावत्या, पॅनकार्ड, सारे त्यातून जात असे. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्की या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीत एक घातक प्रोग्राम आढळला. तो दडला होता जाहिरातींसाठी जोडलेल्या परक्या भागात. दहा कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतले गेलेले ते ॲप गूगलने आपल्या दुकानातून काढले. तो भाग काढून टाकल्यावर ते परत आले. पुढे २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली, तीत कॅमस्कॅनर व फाइली पाठविणारे 'शेअरइट' ही दोन्ही होती. बोध असा की, ॲप करणारा प्रामाणिक असला तरी त्याने जाहिरातींसाठी दुकानाच्या मागच्या दाराने ज्यास आत घेतले, त्याची हमी तो देऊ शकत नाही.

दुसरे उदाहरण अधिक क्लेशदायक आहे. झटपट कर्ज देणारी काही बेकायदा ॲपे, विशेषतः २०२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, देशभर पसरली. कर्ज देताना ती फोनातील नावनिशीची यादी व फोटो पाहण्याची परवानगी मागत. गरजवंत ती देई. हप्ता चुकला की त्या यादीतील नातलग, शेजारी, मालक, सर्वांना फोन व निरोप जात. बनावट चित्रेही पाठविली जात. अनेक कुटुंबांची यात मानहानी झाली आणि काहींनी जीवही गमावला. अखेर २ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांविषयी नियम जाहीर केले. त्यांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपाने फोनातील फाइली, नावनिशीची यादी व कॉलची नोंद यांस हात लावता कामा नये. कॅमेरा, मायक्रोफोन व ठिकाण यांची परवानगीदेखील खातेदाराची ओळख पटविण्यापुरती, एकदाच, त्याच्या संमतीने घ्यावी. आपल्या दुकानातील व कारखान्यातील कामगार बंधूंना एवढी एक गोष्ट जरी आपण समजावून सांगितली तरी मोठे काम होईल.

परवानगी किती द्यावी?

या दोन्ही घटनांचे मूळ परवानगीत आहे. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांत ॲप घेतानाच सर्व परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. २०१५ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून प्रत्येक परवानगी निरनिराळी विचारली जाऊ लागली. २०१९ पासून ठिकाणाची परवानगी 'ॲप वापरीत असतानाच' एवढ्यापुरती देता येऊ लागली आणि २०२१ च्या बाराव्या आवृत्तीत अचूक ठिकाणाऐवजी केवळ अंदाजे ठिकाण देण्याची सोय झाली. आयफोनवर एप्रिल २०२१ पासून, दुसऱ्या ॲपांत आपला माग काढू देता काय, असे प्रत्येक ॲपाला विचारावे लागते. तेथे नकार देणेच इष्ट.

एक घरगुती उदाहरण घेऊ. नवकारशी व चौविहार यांच्या वेळा सूर्योदय-सूर्यास्तावर अवलंबून असल्याने पंचांगाची ॲपे ठिकाण विचारतात, आणि ते विचारणे रास्तही आहे. पण अचूक ठिकाण लागते काय? पृथ्वी चार मिनिटांत एक रेखांश फिरते. सुरतच्या अक्षांशावर एक रेखांश म्हणजे सुमारे १०४ किलोमीटर. म्हणजे पूर्व-पश्चिम एक किलोमीटर सरकल्याने सूर्यास्तात सव्वादोन-अडीच सेकंदांचा फरक पडतो. अंदाजे ठिकाण दोन-तीन किलोमीटरांनी चुकले तरी वेळ पाच-सात सेकंदांहून अधिक चुकत नाही. हाताने 'सुरत' असे गाव निवडले तरी काम भागते. मग आपण कोणत्या गल्लीत, कोणत्या इमारतीत राहतो हे त्या ॲपास सांगण्याचे प्रयोजन काय? हीच कसोटी सर्वत्र लावावी. टॉर्चला नावनिशीची यादी कशासाठी? कॅल्क्युलेटरला मायक्रोफोन कशासाठी? कामाला जेवढे लागते तेवढेच द्यावे. मुनिमाला रोजमेळ दिला म्हणून तिजोरीची किल्ली देण्याचे कारण नाही.

आंगडिया आणि पाकीट

आता निरोपांच्या ॲपांकडे वळू. सुरत-मुंबईच्या हिरेबाजारात आंगडियाची पेढी काय करते हे सर्वांस ठाऊक आहे. सीलबंद पाकीट तो आपल्या जबाबदारीवर गाडीने नेतो आणि ज्याचे त्यास पोचते करतो. पाकिटात काय आहे ते तो उघडून पाहत नाही. परंतु कोणी, कोणास, कोणत्या दिवशी, किती वेळा पाकीट पाठविले हे त्यास माहीत असतेच. निरोपांच्या बाबतीतही अशाच दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत: पाकिटातील मजकूर, आणि पाकिटावरील पत्ता.

व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये सर्व निरोपांना सील लावण्याची पद्धत पूर्ण केली. पाठविणाऱ्याच्या फोनात मजकूर कुलूपबंद होतो आणि तो घेणाऱ्याच्याच फोनात उघडतो. मधल्या कंपनीस तो वाचता येत नाही. हे मोठेच काम झाले. परंतु पत्त्याची माहिती, म्हणजे कोण कोणाशी केव्हा बोलला, ही कंपनीकडे राहते. आणि ही कंपनी २०१४ पासून फेसबुकच्या, म्हणजे आजच्या मेटाच्या, मालकीची आहे, जिचा व्यवसायच जाहिरातींचा आहे. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने आपल्या अटी बदलून त्या मान्य करण्याचा आग्रह धरला, तेव्हा देशभर चर्चा झाली. त्या प्रकरणी भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटास २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला. प्रकरण पुढे अपिलात गेले. जून २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने आपल्या 'अपडेट्स' या भागात जाहिराती आणीत असल्याचेही जाहीर केले.

याला पर्याय म्हणून 'सिग्नल' या ॲपाचे नाव घ्यावे लागेल. फेब्रुवारी २०१८ मध्ये स्थापन झालेली सिग्नल फाउंडेशन ही ना-नफा संस्था ते चालविते. तिला आरंभी ५ कोटी डॉलर देणारे ब्रायन ॲक्टन हे व्हॉट्सॲपच्याच दोन संस्थापकांपैकी एक, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सिग्नलवर जाहिराती नाहीत आणि पाकिटावरील पत्त्याचीही नोंद शक्य तेवढी कमी ठेवली जाते. फुकट मात्र तेही नव्हे. २०२५ च्या सुमारास आपणांस वर्षाला जवळजवळ ५ कोटी डॉलर लागतील, असे त्या संस्थेने २०२३ साली जाहीर केले होते. हा खर्च देणग्यांतून निघतो.

सर्व व्यापार उद्यापासून सिग्नलवर न्यावा, असे आमचे म्हणणे नाही. समोरचा गिऱ्हाईक जेथे आहे तेथेच दुकान मांडावे लागते. पण भागीदारांतील बोलणी, घरातील दुखण्याखुपण्याचे कागद, मुलामुलींच्या विवाहाच्या वाटाघाटी, इतके तरी वेगळ्या पाकिटातून जावे. त्यासाठी कुटुंबातील पाच-दहा माणसांनी एक ॲप अधिक घेतले म्हणजे पुरे.

उपयुक्त अशी काही साधने

सभासदांच्या सोयीसाठी काही साधनांची माहिती देतो. ही सर्व जाहिरातविरहित किंवा जाहिराती अडविणारी आहेत, आणि प्रत्येकात काय उणे आहे तेही सांगणे अवश्य आहे.

इंटरनेटवरील पाने पाहण्यासाठी 'फायरफॉक्स' हा ब्राउझर घ्यावा. अँड्रॉइडवर त्यास 'यूब्लॉक ओरिजिन' नावाची पुरवणी जोडता येते. ती जाहिराती व माग काढणारे भाग पानावर उतरूच देत नाही. पान लवकर उघडते आणि डेटाही वाचतो. रेमंड हिल या गृहस्थांनी ती तयार केली असून ते त्यासाठी देणगीदेखील मागत नाहीत. एक गोष्ट मात्र विसरू नये: वृत्तपत्रे जाहिरातींवरच चालतात. ज्या पत्राच्या बातम्या आपण रोज वाचतो त्याची वर्गणी भरावी, नाहीतर त्या पत्रापुरती पुरवणी बंद ठेवावी. फुकट वाचून जाहिरातही अडवावी, हे व्यापाऱ्याच्या न्यायबुद्धीस शोभणारे नाही.

रस्ते शोधण्यासाठी 'ऑरगॅनिक मॅप्स' हे ॲप २०२१ साली निघाले. गुजरात व महाराष्ट्र यांचे नकाशे एकदा फोनात उतरवून घेतले की इंटरनेटवाचून सुरत ते धुळे वाट दाखविली जाते. कोण कोठे गेला याची नोंद कोणी ठेवीत नाही. त्याचे नकाशे 'ओपनस्ट्रीटमॅप' या प्रकल्पाचे आहेत. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली इंग्लंडात सुरू केलेल्या या प्रकल्पात जगभरचे स्वयंसेवक रस्ते व इमारती नोंदवितात. उणे असे की, रस्त्यावरील गर्दी त्यात दिसत नाही आणि दुकानांची नावे कमी आढळतात. परंतु हे उणे आपणच भरून काढू शकतो. कोसाडमधील आपली गल्ली, पाठशाळा, दवाखाना त्यात नोंदविण्यास कोणाची मनाई नाही.

कागद स्कॅन करण्यासाठी आयफोनात टिपणांच्या ॲपातच सोय आहे. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्ये ती आहे. तेथे परके जाहिरातदार नसले तरी कागद गूगलच्या भांडारात जातो, हे ध्यानात ठेवावे. आधारची प्रत कोणास द्यावयाची असेल तेव्हा शेवटचे चारच आकडे दिसतील अशी 'मास्क्ड' प्रत द्यावी. ती आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळते.

या जातीच्या ॲपांचे एक वेगळे दुकान आहे, त्याचे नाव 'एफ-ड्रॉइड'. २०१० साली सुरू झालेल्या या दुकानात ज्यांची घडण सर्वांना उघडून तपासता येते अशीच ॲपे ठेवली जातात, आणि एखाद्यात जाहिरात वा माग काढणारा भाग असेल तर तसा इशारा त्यावर लिहिलेला असतो. येथे एक सावधगिरीची सूचना. अशा दुकानावाचून इतर मार्गाने, विशेषतः निरोपातून, आलेले ॲप कधीही घेऊ नये. लग्नपत्रिका, वाहनाचे चलन किंवा बँकेचा कागद म्हणून आलेल्या फाइलीच्या नावाचा शेवट 'एपीके' असा असेल तर ती पत्रिका नव्हे, ॲप आहे. ती उघडल्याने अनेकांची खाती रिकामी झाली आहेत. तसे घडल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

जाहिरातविरहित श्रवण व वाचन

घरातील लहान मुले व वृद्ध मंडळी यांच्या दृष्टीने हा भाग महत्त्वाचा वाटतो. प्रवचन ऐकता ऐकता मध्येच भलत्याच वस्तूची जाहिरात कानी पडावी, किंवा मुलांच्या गोष्टीत जुगाराच्या खेळाचे आमंत्रण यावे, हा अनुभव घरोघरी आहे.

याला पहिला उपाय म्हणजे आपल्याजवळ असलेले ध्वनिमुद्रण फोनात उतरवून 'व्हीएलसी' या ॲपावर ऐकणे. १९९६ साली फ्रान्समधील एका अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांच्या हातून आरंभ झालेल्या या प्रकल्पाचे काम व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था पाहते. जाहिराती घेण्यासाठी आलेली मोठी प्रलोभने तिने नाकारली. दुसरा उपाय म्हणजे 'अँटेनापॉड'. त्यावर ध्वनिमालिका क्रमाने उतरवून ऐकता येतात. ॲपाच्या स्वतःच्या जाहिराती नसतात, मात्र बोलणाऱ्याने स्वतःच मध्ये जाहिरात वाचली तर ती ऐकावीच लागते.

वाचनासाठी मराठी विकिपीडिया आहे. १ मे २००३ रोजी तो सुरू झाला. विकिपीडियावर कोणत्याही भाषेत जाहिरात नसते, खर्च देणग्यांतून चालतो. 'किविक्स' या ॲपाने तो संपूर्ण फोनात उतरवून घेता येतो, म्हणजे मुलास अभ्यासाला फोन देताना इंटरनेट बंद ठेवता येते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सिद्ध होऊ लागलेला मराठी विश्वकोशही आता फोनावर वाचावयास मिळतो. गुजरातेत वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या मराठीसाठी या दोन ग्रंथालयांचा उपयोग पालकांनी अवश्य करून घ्यावा.

आणि ज्यांना यूट्यूबवाचून चालत नाही त्यांनी वर्गणी भरून जाहिराती बंद करण्याचा सरळ मार्ग धरावा. भारतात ही सोय मार्च २०१९ पासून आहे. वर्गणीने जाहिरात जाते; पाहणाऱ्याची नोंद मात्र जात नाही. ती थांबविण्यासाठी खात्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'हिस्टरी' वेगळी बंद करावी लागते. जाहिरात नसणे आणि खासगीपणा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानी येईल.

अर्ध्या तासाचे काम

नवे काही न घेताही अर्ध्या तासात पुष्कळ करता येते. फोनाच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी' व त्यात 'ॲड्स' असा भाग असतो. तेथे आपला जाहिरात-क्रमांक पुसून टाकावा. 'परमिशन मॅनेजर' उघडून ठिकाण, मायक्रोफोन व नावनिशी यांची परवानगी कोणाकोणास आहे ते पाहावे आणि नको असलेल्यांची काढून घ्यावी. सहा महिने न उघडलेली ॲपे काढून टाकावीत. कीबोर्ड कोणता आहे तेही पाहावे, कारण लिहिलेले प्रत्येक अक्षर त्याच्या हातून जाते. रंगीबेरंगी अक्षरांच्या मोहाने अनोळखी कीबोर्ड घेऊ नये.

अँड्रॉइडच्या २०१८ सालच्या नवव्या आवृत्तीपासून 'प्रायव्हेट डीएनएस' ही सोय मिळाली आहे. इंटरनेटवरील प्रत्येक ठिकाणाचे नाव फोन प्रथम एका नामसूचीत शोधतो आणि मग पत्ता मिळवून तेथे जातो. जाहिराती गाळणाऱ्या नामसूचीचे नाव येथे लिहून ठेवले की जाहिरातदारांचे पत्ते फोनाला मिळतच नाहीत, आणि बहुतेक ॲपांतील जाहिराती आपोआप बंद पडतात. 'ॲडगार्ड' या कंपनीची अशी एक सूची विनामूल्य आहे. मात्र आपण कोणकोणती नावे शोधतो हे त्या सूचीवाल्यास दिसते, म्हणून विश्वासातलाच सूचीवाला निवडावा. विश्वास कोठेतरी ठेवावाच लागतो. तो जाणून-बुजून ठेवावा, इतकेच.

खासगीपणा आणि लपवाछपवी

येथे एक शंका उपस्थित होणे स्वाभाविक आहे. ज्याच्या मनात काही नाही त्याने झाकावे कशाला? आपल्या बाजारांचा इतिहास याचे चांगले उत्तर देतो. पूर्वी धान्य व इतर शेतमालाचा भाव उपरण्याखाली हाताची बोटे दाबून ठरविला जाई. या हत्ता पद्धतीत शेतकऱ्यास आपल्याच मालाचा भाव कळत नसे. बाजार समित्यांच्या नियमांनी तीस मनाई केली आणि उघड लिलाव आणला, हे योग्यच झाले. पण त्याच नियमांनी व्यापाऱ्याची वही चव्हाट्यावर मांडा असे सांगितले नाही. ज्या गोष्टीत दुसऱ्याचा हक्क आहे ती त्याच्यापासून दडविणे ही लपवाछपवी. जी गोष्ट आपली व आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याची आहे ती राखणे हा खासगीपणा. कराच्या अधिकाऱ्यास हिशेब दाखविणे हे आपले कर्तव्यच आहे, पण तोच हिशेब एखाद्या गेमच्या ॲपास दाखविण्यास आपण बांधलेले नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात, खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे असा एकमताने निर्णय दिला. त्यानंतर व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. ११ ऑगस्ट २०२३ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. हा कायदा टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचा असून मुख्य जबाबदाऱ्या नियमांनंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. गंभीर कसुरीस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा कायदा केवळ मोठ्या कंपन्यांसाठी आहे असा समज करून घेऊ नये. आपल्या फोनातही शेकडो गिऱ्हाइकांची नावे, पत्ते, उधारी व कागद आहेत. ते गिऱ्हाईक आपल्या भरवशावर निश्चिंत आहेत. आपण एखाद्या फुकट ॲपास नावनिशीची यादी पाहू दिली, म्हणजे स्वतःची नव्हे, त्या सर्वांची माहिती त्यांना न विचारता देऊन टाकली, असाच त्याचा अर्थ होतो. आपल्या खासगीपणाविषयी उदार होण्यास आपण मोकळे आहोत; दुसऱ्याच्या बाबतीत तो अधिकार आपणांस नाही.

म्हणून आमची सभासदांस विनंती आहे की, येत्या दिवाळीस वही-पूजनाच्या आधी दुकान झाडून-पुसून घेताना फोनही एकदा झाडून घ्यावा. घरातील तरुण मुलामुलींना या कामी पुढे करावे, कारण त्यांना हे यंत्र अधिक समजते. आणि काय राखावे व काय दाखवावे हे वडीलधाऱ्यांनी सांगावे, कारण ते त्यांना अधिक समजते. दोघांनी मिळून अर्धा तास दिला तर वही पुन्हा एकदा घरच्याच कुलुपात येईल. इत्यलम्.